मैलाला एक घर: आयोवातली काऊंटी आणि न सापडणारं गाव

माणदेशी_लेक

गेल्या रविवारी आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. तिला घराभोवतालचं दाखवलं. समोर मका, मागं सोयाबीन, मधून खडीचा सरळसोट रस्ता, लांबवर शेजाऱ्याच्या धान्याच्या पत्र्याच्या टाक्या. आई म्हणाली, "रान दिसलं बाई. आता गाव दाखव." फोन घेऊन अंगणाच्या चारी कोपऱ्यांत फिरले, पण गाव काही दाखवता येईना. म्हणून हा धागा.

आम्ही अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या वायव्य भागात राहतो. नवरा डॉक्टर, काऊंटीच्या पंचवीस खाटांच्या दवाखान्यात. (जे-१ व्हिसावर शिकलेल्या परदेशी डॉक्टरला दोन वर्षं मायदेशी जायची अट असते. डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं नोकरी केली की ती माफ होते. राज्याला वर्षाला अशा ३० जागा. अमेरिकेच्या आडरानात देशी डॉक्टर कसा काय, तर असा.) दवाखान्याच्या गावाची वस्ती अकराशे. आम्ही त्या गावाच्याही सात मैल बाहेर, शेतातल्या एका जुन्या घरात भाड्याने.

काऊंटीला आपण जिल्हा म्हणतो, पण त्याने चित्र चुकतं. आयोवा महाराष्ट्राच्या निम्म्याहून जरा लहान, आणि त्यात ९९ काऊंट्या. म्हणजे एकेक काऊंटी साधारण आपल्या तालुक्याएवढी. माणसं मात्र अख्ख्या राज्यात ३२ लाख. सगळ्यात कमी वस्तीची ॲडम्स काऊंटी, २०२० च्या जनगणनेत तिथे ३,७०४ माणसं भरली. आमच्याकडे आठवडी बाजाराला याहून जास्त गर्दी होते. तरी या एवढ्याशा काऊंटीला स्वतःचं कोर्ट, निवडून आलेला शेरीफ (पोलिसांचा प्रमुख), निवडून आलेला खजिनदार, जमिनीच्या नोंदी ठेवणारा निवडून आलेला रेकॉर्डर. तलाठी निवडणुकीला उभा राहतोय अशी कल्पना करा.

आता गाव का दाखवता आलं नाही ते. आपल्याकडे गावठाण एका जागी आणि भोवती शिवार. सकाळी माणूस गावातून रानात जातो, दिवेलागणीला परत येतो. वस्तीवर राहणारे असतात, पण त्यांचंही 'गाव' असतं. इथे प्रत्येकाचं घर त्याच्या रानात. आणि हे आपोआप झालेलं नाही. १७८५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) वटहुकूम काढला, की पश्चिमेकडची जमीन विकण्याआधी चौकोनात आखायची. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिच्यात एकेक चौरस मैलाचे ३६ सेक्शन. एक सेक्शन ६४० एकर, त्याचा चतकोर १६०, चतकोराचा चतकोर ४०. सोळा नंबरचा सेक्शन शाळेसाठी राखीव. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जवळजवळ फुकट दिले, अट एकच: पाच वर्षं त्याच जमिनीवर राहून ती कसायची. गावात राहून रानात येऊन-जाऊन करीन म्हणणाऱ्याला जमीन नाही. आयोवातली बरीच जमीन त्याआधीच विकली गेली होती किंवा रेल्वे कंपन्यांना दिलेली होती, पण राहण्याची रीत तीच पडली.

म्हणजे आपल्याकडे आधी माणसं, मग गाव, मग नकाशा. इथे आधी नकाशा, मग माणसं. गाव राहूनच गेलं. ते नंतर एकेक तुकडा करून बनवावं लागलं: चर्च, दर दोन मैलांवर एका खोलीची शाळा, रेल्वेच्या कडेला एलिव्हेटर. (एलिव्हेटर म्हणजे धान्याचं उंच कोठार. नवे आलो तेव्हा कुणीतरी पत्ता सांगितला, "एलिव्हेटरपाशी डावीकडे." अकराशे वस्तीच्या, एकमजली गावात आम्ही दोघं लिफ्ट शोधत होतो.)

रस्तेही सेक्शनच्या रेघांवरून. दर मैलाला एक, पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर. वळण म्हणून नाही. समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरचं एक बोट वर करतो, हात हलवत नाही. पहिले सहा महिने मला वाटायचं हे लोक मला ओळखतात. नंतर कळलं, ओळखत नाहीत म्हणूनच करतात. ओळखीचा असेल तर गाडीच थांबवतात, भर रस्त्यात, खिडकीला खिडकी लावून दहा मिनिटं. मागून येणारं कुणी नसतंच.

आणि बांध नाहीत! कुंपणं होती, ती गुरं गेली तशी उपटली. मका थेट रस्त्याच्या चरापर्यंत. बांध कोरल्यावरून होणारी भांडणं नाहीत, तर मग भांडतात कशावरून? पाण्यावरून. पण पाणी मिळावं म्हणून नाही, जावं म्हणून. हिमनदीने सपाट केलेला हा प्रदेश, पूर्वी अर्धा दलदल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जमिनीखाली मातीच्या नळ्या पुरून पाणी काढलं, आता भोकं पाडलेले प्लास्टिकचे पाइप घालतात. त्याला टाइल म्हणतात. काऊंटीत 'ड्रेनेज डिस्ट्रिक्ट' असतात, त्याचा कर असतो. माझ्या वडिलांनी शेततळ्याच्या अनुदानासाठी तालुक्याला किती खेटे घातले ते मला माहीत. पाणी घालवायला पैसे मोजतात हे सांगितल्यावर ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग विचारलं, "एकरी मका किती?" राज्याची सरासरी २०० बुशेलच्या आसपास, म्हणजे पन्नास क्विंटल. त्यावर तर फोनच आईकडे दिला.

इथे कुणी अशा भागात राहिलंय का? तुमचं गाव सापडलं का?

टवाळ_कार्टं

पयला! लिफ्टवर हसलो. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शंकू_साखळी

ताई, मी भूमी अभिलेखात ३१ वर्षं मोजणीदार होतो. तुमच्या धाग्याने झोप उडवली. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. ती चौकटी ज्या साखळीने मोजली ती गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाची, ६६ फुटांची. ८० साखळ्या म्हणजे एक मैल, १० चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. आता आपली मुंबई इलाख्याची साखळी घ्या: ३३ फूट, तिचे सोळा आणे. ३३ गुणिले ३३ बरोबर १,०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. म्हणजे तुमच्या आयोवातली एक चौरस साखळी बरोबर चार गुंठे! तुमचा सेक्शन म्हणजे २५,६०० गुंठे. तुमच्या वडिलांना हे सांगा, ते फोन परत हातात घेतील.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्याकडची ब्रिटिश मोजणी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी बसवली. आयोवातली मोजणीही त्याच सुमारास सुरू झालेली. साखळी एकाच घराण्यातली, काळ एक, पण काम उलटं. आमच्या लोकांनी शेतकरी जे कसत होता ते मोजलं. वाकडा बांध होता तर टिपणात वाकडाच आला. ओढा आडवा आला तर फाळणी ओढ्यापाशी थांबली. म्हणून आपल्या गावनकाशाला कुठेही काटकोन सापडत नाही. अमेरिकेत मोजणीदार आधी गेला. नदी आली तरी रेघ नदीवरून, डोंगर आला तरी डोंगरावरून. मोजायला कुणाचं शेतच नव्हतं, असं त्यांनी धरलं होतं.

एक शंका. पृथ्वी गोल आहे. उत्तरेकडे रेखांश जवळ येत जातात, मग सहा मैलांचे चौकोन भरतात कसे?

माणदेशी_लेक

काका, नमस्कार! वडिलांना सांगितलं. त्यांचा प्रश्न: "मग सातबारा कसा असतो तिथं?"

शंकेचं उत्तर मला रस्त्यावरच मिळालं. सरळ उत्तरेला जाणारा रस्ता एका ठिकाणी अचानक काटकोनात वळतो, थोडं बाजूला सरकतो आणि पुन्हा उत्तरेला लागतो. थंडीत रस्त्यावर काळा, म्हणजे पटकन न दिसणारा पातळ बर्फ असताना अनोळखी माणूस हमखास तिथे शेतात जातो. ती दुरुस्तीची रेषा. ठरावीक अंतर गेलं की चौकोन नव्याने मांडायला घेतात. आणि प्रत्येक टाउनशिपमध्ये जी तूट येते ती उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या कडेच्या सेक्शनांत ढकलायची असा नियमच आहे. त्यामुळे तिथले चतकोर १६० एकर भरत नाहीत.

सेक्शनला नंबर कसे देतात तेही तुम्हाला आवडेल. ईशान्येच्या कोपऱ्यात एक, तिथून पश्चिमेकडे सहापर्यंत. मग खाली उतरून सात, आणि उलट पूर्वेकडे. नांगराचे बैल तासाच्या टोकाला वळतात तसं. छत्तीस येतो आग्नेयेच्या कोपऱ्यात.

सातबाऱ्यासारखं इथे 'प्लॅट बुक' असतं. काऊंटीच्या प्रत्येक टाउनशिपचा एक नकाशा, आणि प्रत्येक तुकड्यावर मालकाचं नाव छापलेलं. कुणालाही विकत मिळतं. लोक ते गाडीत ठेवतात आणि कुणाची जमीन कुठवर गेली ते खुशाल वाचत बसतात.

शंकू_साखळी

तूट वायव्येला ढकलायची! आम्ही तूट खातेदारांत वाटायचो आणि मग आयुष्यभर अपिलं ऐकायचो.

गव्हाची_ओंबी

मी कॅन्सस राज्याच्या पश्चिम भागात, गार्डन सिटीच्या बाजूला सात वर्षं आहे. चौकटी तीच, पण आयोवा वाचून कुणी इकडचं चित्र मनात रंगवू नये.

अमेरिकेच्या मधून शंभरावा रेखांश जातो, आमच्या जवळच्या डॉज सिटीवरून. पश्चिमेची सरकारी पाहणी करणाऱ्या जॉन वेस्ली पॉवेलने १८७८ मध्येच लिहून ठेवलं होतं, की याच्या पश्चिमेला वर्षाला २० इंचांपेक्षा कमी पाऊस, इथे १६० एकरांवर कुटुंब जगणार नाही. कुणी ऐकलं नाही. चौकोन पुढे आखत गेले. कॅन्ससच्या पूर्व टोकाला ४० इंच पाऊस आणि पश्चिमेला कोलोरॅडोच्या हद्दीवर १६-१७, पण जमिनीचा तुकडा दोन्हीकडे तेवढाच. कोकणातला आणि माणमधला शेतकरी सारख्याच एकरांवर बसवला आणि म्हणाले, आता करा. पुढे १९३० च्या दशकात माती उडाली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी तर धुळीच्या भिंतीने दिवसाढवळ्या काळोख झाला. मृद्संधारणाचं सरकारी खातं त्याच वर्षी निघालं.

विमानातून जे हिरवे गोल दिसतात ते आमच्याकडचे. मधे विहीर, भोवती चाकांवर फिरणारा लांब पाइप. चौकोनी १६० एकरांत गोल साधारण १२५-१३० एकरांचा बसतो, कोपरे कोरडे. पाणी ओगलाला नावाच्या भूजलाच्या साठ्यातलं. आमच्या बाजूला पाऊस ते परत भरून काढू शकत नाही. विहिरी दरवर्षी खोल जातात. हे वाक्य मराठीत लिहिताना मला काही परकं वाटत नाही.

समाज म्हणाल तर जूनमध्ये यावं. गहू कापणीच्या टोळ्या मे महिन्यात टेक्सासमधून निघतात आणि पिकेल तसं उत्तरेला सरकत सप्टेंबरपर्यंत कॅनडाच्या हद्दीला पोचतात. कम्बाइन (कापणी-मळणीची यंत्रं), ट्रक, राहायचे ट्रेलर, सैपाकाची बाई, शाळेला सुट्टी लागलेली पोरं, सगळं बिऱ्हाड सोबत. दरवर्षी त्याच शेतकऱ्यांकडे, बापाकडून पोराकडे. आपल्याकडे पंजाबची हार्वेस्टर येतात, त्यांच्यासारखं पण घरोब्याचं. तीन आठवडे आमचं गाव गावासारखं दिसतं. मग टोळी पुढे जाते.

अवांतर: गावं रेल्वेने ठरवली. बैलगाडीने, म्हणजे इकडे घोड्यांच्या गाडीने, धान्य टाकून माणूस दिवसात परत यावा इतक्या अंतरावर स्टेशन. नेब्रास्कात तर रेल्वेवाल्यांनी नावं बाराखडीने दिली: क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झिटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलंड, जुनियाटा, केनेसॉ. इंग्रजी मुळाक्षरं लावून बघा, सी पासून के पर्यंत एकही चुकलेलं नाही.

टवाळ_कार्टं

म्हणजे नेब्रास्कात हार्वर्डला शिकलो असं सांगता येईल?

गव्हाची_ओंबी

शेजारच्या गावात सांगू नकोस, त्यांना माहीत आहे.

पाचवा_ऋतू

एवढं गोड गोड वाचून राहवेना. मी नेब्रास्काच्या दक्षिण भागात सहा वर्षं काढली. पहिल्याच आठवड्यात दारात तीन पाई आणि एक कॅसरोल. गहिवरून आलं. नंतर सहा वर्षांत कुणाच्या घरी जेवायला बोलावणं किती वेळा? दोनदा. लोक वाईट नाहीत, अजिबात नाहीत. बर्फात गाडी अडकली तर पाच मिनिटांत ट्रॅक्टर घेऊन हजर. पण मदत करणं वेगळं आणि आपलं म्हणणं वेगळं. पहिला प्रश्न नेहमी एकच: तुमचं माहेर-सासर इथलं कुणाचं? म्हणजे आपल्याकडचं "कुणाचा रं तू?" त्याला उत्तर नसेल तर तुम्ही कायम पाहुणे. एक बाई मला म्हणाली, मी पण इथली नाही. शेजारच्या काऊंटीतून लग्न होऊन आली होती, बेचाळीस वर्षांपूर्वी.

शिवाय सगळं चर्चच्या तळघरात. मयताचं जेवण तिथे, लग्नाचं तिथे, रक्तदान तिथे, मतदान तिथे. आपण चर्चचे नसलो तर चूक त्यांची नाही, आपलीही नाही, पण तळघराचा जिना उतरताना दर वेळी जाणवतं. मुलगी नववीत गेल्यावर आम्ही ओमाहा शहरात आलो. तिथे शेजारी कोण ते अजून माहीत नाही, पण चुकचुकल्यासारखं होत नाही.

वॉटरलूचा_पुणेकर

माझं मत मधलं. पुण्यातून ट्रॅक्टर कंपनीच्या कामासाठी आलो, आयोवातल्याच वॉटरलूला कारखान्यात असतो. चाचण्यांसाठी शेतकऱ्यांच्या रानात जावं लागतं, त्यामुळे दहा-बारा काऊंट्यांचे स्वयंपाकघरातले ओटे पाहून झालेत.

'हरवलेलं गाव' कसं हरवलं याचा हिशोब म्हातारे लोक नीट सांगतात. १९७० च्या दशकात धान्याला भाव, बँका दारात, "जमीन घ्या, वाढवा". १९८१ ला आयोवात एकराची सरासरी किंमत २,१४७ डॉलर. व्याजदर चढले, रशियाला धान्य विकायला १९८० लाच बंदी आली होती, आणि १९८६ ला तोच एकर ७८७ वर. कर्ज २,१४७ च्या हिशोबाने घेतलेलं. लिलावच लिलाव. काऊंटी कोर्टापुढच्या हिरवळीवर लोक पांढरे क्रॉस रोवायचे, एक क्रॉस म्हणजे एक गेलेलं शेत. आत्महत्या झाल्या. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या विस्तार सेवेने १९८५ ला मदतीचा फोन सुरू केला, तो अजून चालू आहे. एका शेतकऱ्याने मला विचारलं, तुमच्याकडे हे कधी झालं? मी म्हटलं, संपलेलं नाही.

आज तोच एकर साडेअकरा हजार डॉलरच्या आसपास. पण कसणारा कोण आणि मालक कोण बघा. निम्म्याहून जास्त जमीन खंडाने लावलेली, आणि २०२२ च्या पाहणीत ६६ टक्के जमिनीचे मालक ६५ वर्षांच्या पुढचे. मालक ॲरिझोनात ऊन खातोय, कसणारा तीन काऊंट्यांत मिळून चार हजार एकर करतोय. चार हजार एकर म्हणजे पंचवीस होमस्टेड. पंचवीस चुली होत्या तिथे एक. मग शाळा कशी टिकणार?

शाळांची गंमत बघायची तर त्यांची नावं बघा. पोरं कमी झाली की दोन गावं शाळा एकत्र करतात, पण नाव सोडायला कुणी तयार नाही. ओडीबोल्ट, आर्थर, बॅटल क्रीक, आयडा ग्रोव्ह अशी चार गावं जोडलेली एक शाळा आहे, तिचं नाव 'ओएबीसीआयजी'. मुलं हे नाव फुटबॉलच्या मैदानावर ओरडतात, एका दमात. फुटबॉलही कित्येक शाळांत अकराऐवजी आठांचाच. अकरा पोरं मिळत नाहीत.

ज्या गावाची शाळा जाते तिथे आधी हॉटेल बंद होतं, मग किराणा, मग उरतो एलिव्हेटर आणि पिझ्झा विकणारा पेट्रोल पंप. सकाळी सहाला टोप्या घातलेले आठ म्हातारे तिथेच कॉफी पीत बसतात आणि पैसे कुणी द्यायचे यासाठी फासे टाकतात. माझ्या मते तेच गावठाण. पार तेवढा प्लास्टिकच्या खुर्च्यांचा.

वळचणीचं_पाणी

सगळ्यांचं छान चाललंय, पण मोजणीदार काका जे हळूच बोलून गेले ते कुणी उचललं नाही. "मोजायला कुणाचं शेतच नव्हतं, असं त्यांनी धरलं होतं." होतं ना. आयोवातली बरीच जमीन सॉक आणि मेस्क्वाकी या मूळनिवासी लोकांची होती, १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर पट्ट्यापट्ट्याने काढून घेतली. मेस्क्वाकींना कॅन्ससला हाकललं. त्यातले काही परत आले आणि त्यांनी पैसे गोळा करून १८५७ मध्ये टामा काऊंटीत ८० एकर विकत घेतले. आपलीच जमीन, रोख देऊन. राज्याने कायदा करून परवानगी दिली म्हणून जमलं. आज तिथे त्यांचे आठ हजारांहून जास्त एकर आहेत, आणि ते सरकारने नेमून दिलेलं रिझर्व्हेशन नाही, त्यांची खरेदीखताची जमीन आहे. होमस्टेडचं कौतुक करताना हाही उतारा जोडा.

माणदेशी_लेक

@वळचणीचं_पाणी, बरोबर. मूळ लेखात यायला हवं होतं. आमच्या प्लॅट बुकच्या पहिल्या पानावर काऊंटीचा इतिहास आहे, तो १८५० च्या पुढे सुरू होतो. मी तिथूनच वाचायला लागले, हे तुमच्यामुळे लक्षात आलं.

@पाचवा_ऋतू, तुमचं खोटं कसं म्हणू? गणपतीला दे मॉईनला, म्हणजे राज्याच्या राजधानीला, जायचं तर अडीच तास, आणि तिथून परत येताना गाडीत कुणी बोलत नाही. पण मागच्या ऑक्टोबरमधलं सांगते. पलीकडच्या सेक्शनमधल्या शेतकऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं, ऐन काढणीत. सहाशे एकर मका उभा. शनिवारी सकाळी मला आवाज आला म्हणून बाहेर आले तर रस्त्याने कम्बाइनची रांग. नऊ मोजली. मागे ट्रॅक्टर, धान्याच्या गाड्या, एलिव्हेटरचे ट्रक. दुपारी चारला रान मोकळं. यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, टाइलच्या पाण्यावरून त्यांचं कोर्टात गेलेलं आहे. तेही आले होते, एक उत्तरेकडून कापत होता, एक दक्षिणेकडून.

आपल्याकडे याला इर्जिक म्हणतात. आजोबा सांगायचे: ज्याचा बैल मेला त्याच्या रानात सगळ्यांची औतं, आणि संध्याकाळी त्याच्या घरी जेवण. मी इर्जिक फक्त ऐकली होती. बघितली ती इथे. फरक एवढाच, की जेवण आजारी माणसाच्या घरी नव्हतं, चर्चच्या बायकांनी ट्रकच्या पाठीमागे मांडलं होतं. मी पोहे नेले. आधी कुणी हात लावेना. मग एका आजोबांनी विचारलं, हे ओट्स का? मी म्हटलं, तांदूळ. संपले. आता दर वेळी मला "तो चपटा भात" आणायला सांगतात. आपलं म्हणतात की नाही माहीत नाही, पण यादीत नाव आलंय.

पण मान्य करते, ही माया ज्याचं घर प्लॅट बुकात आहे त्याला सहज मिळते. आमच्या दक्षिणेला स्टॉर्म लेक आहे. मांस कापण्याच्या कारखान्यांमुळे तिथे लाओसचे, मेक्सिकोचे, मध्य अमेरिकेचे, पॅसिफिक बेटांवरचे लोक. शाळेत वीसहून जास्त भाषा. आजूबाजूच्या काऊंट्या ओस पडताहेत आणि त्या गावात शाळेच्या खोल्या पुरत नाहीत. नवऱ्याला दवाखान्यात दुभाष्याचा फोन सतत चालू ठेवावा लागतो. तिथल्या पोरांना "कुणाचा रं तू?" विचारणारं कुणी नाही, कारण सगळेच बाहेरचे.

जालन्याचं_बियाणं

वाचतोय. आयोवाचा आणि आमचा एक धागा: गव्हाचे नॉर्मन बोरलॉग हे आयोवाच्या हॉवर्ड काऊंटीतल्या क्रेस्को गावाजवळ, शेतावर वाढलेले. त्यांनी सुरू केलेला वर्ल्ड फूड प्राइझ दे मॉईनला देतात. तो १९९८ मध्ये आमच्या जालन्याच्या बद्रीनारायण बारवाल्यांना मिळाला, संकरित बियाणं छोट्या शेतकऱ्यापर्यंत पोचवलं म्हणून. संकरित मक्याचा धंदा आयोवात हेन्री वॉलेसने १९२६ ला उभा केला होता. म्हणजे तुमच्या खिडकीतलं पीक आणि आमच्या एमआयडीसीतली गोदामं लांबचे भाऊबंद.

आणि 'एक होता कार्व्हर'मधले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर? त्यांचं शिक्षण आयोवातल्या एम्स गावच्या शेतकी कॉलेजातलं ना?

वॉटरलूचा_पुणेकर

हो. आधी इंडियानोलाच्या सिम्पसन कॉलेजात, मग १८९१ ला एम्सला. तिथले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. पण त्याआधी त्यांनीही कॅन्ससच्या नेस काऊंटीत १६० एकरांवर होमस्टेड केलं होतं, मातीच्या ढेकळांचं घर बांधून. @गव्हाची_ओंबी, तुमच्या शेजारीच.

गव्हाची_ओंबी

शेजारी म्हणजे सत्तर-ऐंशी मैल. पण हो, इकडच्या भाषेत शेजारीच. ते तिथे टिकले नाहीत. पॉवेलचं २० इंचांचं गणित.

कट्ट्यावरची_मावशी

जुलैमध्ये आयोवात सायकलींची वारी असते म्हणे? १९७३ पासून? मिझुरी नदीत मागचं चाक बुडवून निघायचं आणि आठवड्याने मिसिसिपीत पुढचं चाक बुडवायचं. गावोगाव लोक खायला घालतात. भाचा जाऊन आला.

पाचवा_ऋतू

वारी नका म्हणू. खायला घालतात ते विकत. पाईचा तुकडा पाच डॉलर.

माणदेशी_लेक

विकत हे खरं, पण त्या पैशातून गावाची अँब्युलन्स चालते. अग्निशमन आणि अँब्युलन्स दोन्ही स्वयंसेवकांच्या जिवावर आहेत इथे. आमच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर दिवसा बी-बियाणं विकतो.

आता शंकू काकांसाठी. काल रेकॉर्डरच्या ऑफिसात गेले होते. आमच्या घराचा 'गट नंबर' सापडला: सेक्शन १४ चा आग्नेय चतकोर, त्यातलं अडीच एकरांचं घरवाडगं. तिथल्या बाईंनी हौसेने जुना नकाशा काढून दाखवला. त्यात आमच्या चौरस्त्याच्या कोपऱ्यावर छोटा चौकोन आणि वर झेंडा. शाळा. मैलभरात घरांचे ठिपके मोजले, अकरा. आता तीन, त्यातलं एक रिकामं.

संध्याकाळी कोपऱ्यावर जाऊन बघितलं. मक्याच्या कडेला हातपंपाचा लोखंडी बुंधा आणि लायलॅकचं एक झुडूप. आईला फोनवर दाखवलं. ती म्हणाली, "हापसा हाय म्हणजे इथंच गाव होतं की." मग म्हणाली, "पाणी येतं का बघ." दांडा गंजलाय, हलत नाही. नवरा शनिवारी तेल आणि पाना घेऊन येतो म्हणालाय.

शंकू_साखळी

दांडा जोराने ओढू नका, आतला वायसर वाळलेला असणार. आधी वरून तांब्याभर पाणी ओता. आणि जमलं तर त्या नकाशाचा फोटो टाका, प्रमाण किती आहे ते मोजून सांगतो.